मेथी निवडून होईपर्यंत

खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, हात मागितले. आधी तळवे बघितले, मग हात उलटे करून नखं. नखांपाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "रक्त बघून चक्कर येते का आपल्याला?"

मी म्हटलं, "नाही."

"मांजराने ओरबाडलं तर ओरडाल?"

"बहुतेक ओरडेन."

"खरं बोलता. सामान केव्हा आणताय?"

मी यवतमाळचा. नोकरीसाठी पुण्यात येऊन दोन महिने झाले होते आणि ते दोन्ही महिने मी स्वारगेटजवळ एका खोलीत सहा जणांत काढले होते. सदाशिव पेठेत, तळमजल्यावर, स्वतंत्र दाराची खोली मिळतेय म्हटल्यावर असल्या प्रश्नांचा अर्थ विचारायची माझी हिंमत नव्हती. तो तिसऱ्या दिवशी सकाळी कळला. साडेसातला दारावर थाप पडली. "हात धुऊन या. कोपरापर्यंत." आत गेलो तर जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर मेणकापड अंथरलेलं आणि त्यावर एक पांढरा पॉमेरेनियन थरथरत उभा. सिस्टर म्हणाल्या, "एक हात मानेखालून, एक पोटाखालून. आवळायचं नाही आणि सोडायचं नाही." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना भाडेकरू नकोच होता, जनावर धरणारा हवा होता.

एका सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. माणसांच्या जखमा बांधून बांधून त्यांना माणसांचा कंटाळा आला, जखमांचा आला नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या कुत्र्यामांजरांकडे मोर्चा वळवला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींपासून दोन गल्ल्या पलीकडच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. दोन वर्षं त्यांच्या घरात राहून मीही तेच म्हणत राहिलो.

जनावरांशी त्या अतिशय अदबीने बोलत. "अहो, पाय इकडे द्या. रागावलात का? साहजिक आहे." हे एका बोक्याला. मालकांनाही त्या 'आपण' म्हणत, पण ते ऐकल्यावर आपलं कुठेतरी चुकलंय हे मालकाला लगेच समजायचं. एक गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, याची खरूज आपोआप जाईल असं वाटलं होतं." सिस्टर म्हणाल्या, "जाईल की. आपल्याकडे येईल."

त्यांची स्वतःची एक गावठी कुत्री होती. रंगाने तांबूस, एक कान मोडलेला, वय बारा. नाव मॅट्रन. नोकरीतल्या मॅट्रनबाईंनी सिस्टरांना वर्षानुवर्षं उभं करून ठेवलं होतं, त्याची भरपाई म्हणून "मॅट्रन, आपण खाली बसता का?" असं दिवसातून दहा वेळा म्हणायची सोय त्यांनी करून घेतली होती. मॅट्रन कधीच ऐकायची नाही. मूळच्या बाईही कुणाचं ऐकत नसत, असं सिस्टर कौतुकाने सांगायच्या. माझ्यावर ती रोज सकाळी ऑफिसला निघताना भुंकायची आणि रोज संध्याकाळी परत आल्यावर भुंकायची. मधल्या वेळात तिला माझी आठवण येत असावी, असं मी समजून चाललो होतो.

सिस्टरांचा पहिला नियम, मालक बाहेर. "मालकाचे हात थरथरतात. ते जनावराला कळतं, मग ते थरथरतं. दोघांना कोण बांधत बसणार?" त्यामुळे जनावर टेबलावर आलं की मालकाला बाहेरच्या बाकावर बसवायचं, मांडीवर वर्तमानपत्र द्यायचं, त्यावर मेथीची जुडी ठेवायची आणि शेजारी एक पातेलं. "निवडून होईपर्यंत आमचं होईल," एवढं बोलून दार लावून घ्यायचं. सिस्टरांनी आयुष्यात स्वतः भाजी निवडलेली नाही, अशी गल्लीत कुजबुज होती. ती खोटी नव्हती. बँकेतले अधिकारी, क्लास घेणारे सर, नुकतं लग्न झालेली जोडपी, सगळ्यांनी त्या बाकावर बसून सिस्टरांची मेथी निवडली आहे.

पण मेथी नुसती फुकटात निवडून घेण्यासाठी नसायची, हे मला पुढे कळलं. काम झालं की सिस्टर आधी पातेल्यात डोकावत. "मेथी बघितली की कळतं, जखम किती खोल गेलीय," असं त्या म्हणत. सहज म्हणून आलेल्या माणसाची भाजी लख्ख असायची. घाबरलेल्याच्या भाजीत पिवळी पानं, मुळं आणि जुडीचं रबरबँडसुद्धा निघायचं. एकदा एक निवृत्त कर्नलसाहेब आपल्या पग जातीच्या कुत्र्याला घेऊन आले. त्याचं नुसतं नख मोडलं होतं. कर्नलसाहेब बाकावर ताठ बसून मेथी निवडत होते. बाहेर जाऊन बघतो तर पानं सगळी कचऱ्याच्या कागदावर आणि देठ तेवढे पातेल्यात, एका मापाचे, शिस्तीत. मला हसू फुटणार तेवढ्यात सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की ते घशातच राहिलं. त्यांनी कर्नलसाहेबांना आत बोलावलं, दोन चमचे साखर जास्त घालून चहा दिला आणि म्हणाल्या, "नखच होतं हो. वाढेल." कर्नलसाहेबांनी मान हलवली.

दुसरा नियम, घाई नाही. पाणी उकळून गार केलेलं आणि त्यात मीठ. जखमेभोवतीचे केस आधी कापायचे. आयोडीनचं औषध कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करायचं. मी एकदा जरा दाट केलं तर त्या म्हणाल्या, "आपण असला चहा पिता?" रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. मध्ये कापड उचलून बघायचं नाही. "भाकरी आहे का, भाजली का बघायला?" घड्याळ का नको, असं मी विचारलं होतं. तर घड्याळ बघणारा माणूस लबाडी करतो, पाढा म्हणणाऱ्याला करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी दर वेळी एकोणतीस सकला अडकायचो आणि मग पुन्हा पहिल्यापासून. "तुमचं गणित कच्चं म्हणून गल्लीतली रक्तं पक्की थांबतात," असं सर्टिफिकेट त्यांनी मला दिलं होतं. आता मी वारज्याला राहतो, घरात एक मांजर आहे. तिला जरा काही लागलं की माझी पावलं आपोआप बेसिनकडे वळतात आणि मी कोपरापर्यंत हात धुतो.

जनावराने जखम चाटू नये म्हणून सिस्टर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची कॉलर करत. जीभ म्हणजे मलम नव्हे, हे त्यांचं ठाम मत होतं. आमच्या गल्लीत एक बोका आठ दिवस गळ्यात ऑगस्ट महिना घालून हिंडत होता. येणारेजाणारे त्याला थांबवून चतुर्थी कधी आहे ते बघायचे.

अलीकडे लोक जखमांचे फोटो पाठवायला लागले होते. सिस्टर ते उघडतसुद्धा नसत. "फोटोला वास येत नाही." जखमेचा वास घेतल्याशिवाय त्या मत देत नसत आणि मलाही घ्यायला लावत. पहिल्या आठवड्यात माझं जेवण कमी झालं. मग सवय झाली. चांगल्या जखमेला वास नसतो आणि चिघळलेलीला गोडसर, नको असा असतो, हे मला त्यांनी शिकवलं.

आणि तिसरा नियम, बटण. त्यांच्या नोकरीतल्या पांढऱ्या युनिफॉर्मचं एक चार भोकांचं बटण होतं. ते त्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात उकळून घेत आणि जखमेजवळ धरत. बटणाएवढी जखम घरची, त्याहून मोठी डॉक्टरांची. मोठी असेल तर त्या डॉक्टरीणबाईंना एका शब्दाची चिठ्ठी लिहीत: 'बटणाबाहेर'. डॉक्टरीणबाईंना तेवढं पुरत असे. या नियमाला एकच अपवाद होता. दात लागला असेल तर बटण काढायचंच नाही, सरळ दवाखाना. "दाताची जखम वरून बटण आणि आतून विहीर," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्यांचा सगळ्यात जास्त राग घरगुती उपायांवर. आयटीतली एक मुलगी आपलं मांजर घेऊन आली. पाठीवर खरचटलं होतं आणि तिने गुगल करून त्यात इतकी हळद भरली होती की पांढरं मांजर पिवळं झालं होतं. "नॅचरल अँटिसेप्टिक आहे ना, सो मी ॲक्चुअली..." ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "हळद लावलीत, छान केलंत. मुहूर्त कधीचा आहे?" ती मुलगी रडवेली झाली. मग मात्र सिस्टरांनी तिला शेजारी बसवून समजावलं की हळद भाजीत घालायची, जखमेत घातली की खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आणि पुढच्याच महिन्यात मी काय करावं? गच्चीवर येणाऱ्या एका मांजरीला खाज सुटली होती. मी आईला फोनवर सहज सांगितलं. आई म्हणाली, "खोबऱ्याच्या तेलात थोडा कापूर टाक अन् लावून दे न बाप्पा. आपल्याइकडे बैलाले लावते, मांजरीले काय होते!" मी लावला. मांजरीने सगळं अंग चाटून काढलं आणि तासाभरात तिच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटायला लागले. सिस्टरांनी तिला स्वतःच्या शालीत गुंडाळून दवाखान्यात पळवलं. कापूर मांजराच्या पोटात जाणं म्हणजे विष, हे मला तिथे कळलं. मांजर वाचली. घरी परतल्यावर दारात चप्पल काढताना सिस्टर म्हणाल्या, "गेल्या महिन्यात हळद झाली, आज कापूर झाला. आता नारळ तेवढा राहिलाय. कुणाच्या डोक्यावर फोडू, ते आपणच सांगा."

अशा बाईंच्या हातून चूक होईल, असं कुणाला वाटलं असतं?

दिवाळीनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मॅट्रनच्या खांद्यामागचे केस कापलेले दिसले आणि मधे एक बारीक भोक. "तार लागली असेल," सिस्टर म्हणाल्या. "बटणात आहे." मी विश्वास ठेवला. न ठेवणारा मी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपरापर्यंत हात धुऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आतून आवाज आला, "गरज नाही. आमचं झालं." खरं सांगतो, मला राग आला. दोन वर्षं गल्लीतल्या यच्चयावत कुत्र्यांची ओरबाडणी मी खाल्ली आणि घरच्या कुत्रीला धरायला मी नको! त्या रागात मी दोन दिवस तिकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तेव्हा मॅट्रन माझ्यावर भुंकली नाही. टेबलाखाली पडून होती, समोर तुपाची पोळी तशीच. मी सिस्टरांकडे बघितलं. "थंडी आहे. वय झालंय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चौथ्या दिवशी शनिवार, मला सुट्टी होती. माझ्या खोलीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. सकाळी त्या भिंतीतून एकोणतीसचा पाढा ऐकू आला. एकोणतीस सकपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच थांबला. आधी वाटलं, मला चिडवतायत. मग ऐकू आलं, "बस गं बाळा. बस ना माझी शहाणी." मी चमकलो. दोन वर्षांत कुठल्याही जनावराला त्यांनी 'अगं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, मॅट्रनला तर नाहीच. मी हात धुतले आणि न विचारता आत गेलो.

मॅट्रन टेबलावर आडवी होती. अंगाला हात लावला तर भट्टी. भोकावर पातळ खपली धरली होती आणि खाली पेरूएवढी सूज. मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "बटणात आहे. तुम्हीच मोजा." बटण शेजारी भांड्यात उकळून तयार होतं. मी मोजलं. बटणात होतीच. मग मी खाली वाकलो आणि त्यांनी शिकवलं होतं ते केलं.

"सिस्टर, वास येतोय."

"मला नाही येत."

"येतोय."

"आयोडीनचा असेल."

"सिस्टर, ही दाताची जखम आहे."

"तार आहे! मी सांगते ना, तार आहे!" त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मॅट्रननेही डोकं उचलून बघितलं. मग सिस्टर स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दात म्हटला की चिरा द्यावा लागतो. चिरा द्यायचा म्हणजे भूल आली. बारा वर्षांची आहे हो ती. भुलीतून उठली नाही तर? या घरात दुसरं कोण आहे मला?"

मीही घाबरलो होतो. ती कुत्री मला आवडत होती. आणि माझ्या आग्रहामुळे ती दवाखान्याच्या टेबलावर दगावली असती, तर या घरात पुन्हा मान वर करून मला वावरता आलं नसतं. पण वास खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "सिस्टर, मालकाने बाहेर थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता खोली गेली.

"मी मालक नाही. मी सिस्टर आहे."

"आज मालक आहात."

त्या उठल्या. खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, पेन हातात घेतलं आणि तसंच माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही लिहा. तुमचं अक्षर बरं आहे." माझं अक्षर भयंकर आहे, हे त्यांनीच मला अनेकदा सांगितलं होतं. मी लिहिलं, 'बटणाबाहेर'.

रिक्षावाले काका दोन गल्ल्या ऐकून म्हणाले, "एवढ्यासाठी रिक्षा? चालत जा की." मग चादरीतली मॅट्रन दिसली तेव्हा त्यांनी लगेच रिक्षा सुरू केली. कोपऱ्यावर मी त्यांना थांबवलं आणि मावशींकडून एक मेथीची जुडी घेतली. मॅट्रनचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आत्ता भाजी?" मी जुडी पिशवीत घातली आणि रिक्षात बसलो.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, सिस्टरांनी पुटपुटलेलं 'तार लागलीय' ऐकून घेतलं, मॅट्रनची सूज चाचपली आणि सिस्टरांकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही बाहेर बसा." बाहेर बाक होता. मी सिस्टरांच्या मांडीवर दवाखान्यातलंच एक वर्तमानपत्र पसरलं, त्यावर जुडी ठेवली, शेजारी पिशवी ठेवली आणि म्हटलं, "निवडून होईपर्यंत आमचं होईल."

आत मी धरलं. एक हात मानेखालून, एक पोटाखालून. थोडीच भूल दिली होती, तरी मॅट्रन इतकी सैल पडली की मला धरायला काही उरलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी चिरा दिला. बरंच काय काय निघालं, त्या धूत राहिल्या. मग चिमट्यात काहीतरी आलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टण्‌ वाजलं. दाताचा तुकडा. कुठल्यातरी कुत्र्याचा, टोकाकडचा.

"तार म्हणाल्या होत्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"असू दे. माझी असती तर मीही तेच म्हटलं असतं."

मग कापड दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं. मी मनात पाढा सुरू केला. मॅट्रनचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यात ती नव्हती. पाढा संपला. दुसऱ्यांदा म्हटला. एकदाही एकोणतीस सकला अडकलो नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या वेळी मोडका कान हलला. मग एक डोळा फिरला, माझ्यावर येऊन थांबला आणि मॅट्रन माझ्यावर गुरगुरली. इतकं गोड मी पुण्यात दुसरं काही ऐकलेलं नाही.

"ताप दोन दिवसांत उतरेल. ड्रेसिंग रोज घरीच करा," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "पण तुम्ही करा. सिस्टरांना बाहेर बसवा."

मी बाहेर आलो. सिस्टर तशाच बाकावर होत्या, पाठ ताठ.

"मॅट्रनबाई शुद्धीवर आल्या. माझ्यावर गुरगुरल्या."

त्यांनी मान हलवली.

"दाताचा तुकडा निघाला."

त्यांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. कागदावर माती, मुळं, रबरबँड आणि सगळीच्या सगळी हिरवी पानं, टाकून द्यायला गोळा केलेली. पिशवीत देठ. एका मापाचे, शिस्तीत लावलेले. मी पटकन पिशवी उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पिशवी स्वतःकडे ओढली आणि आत डोकावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"बरीच खोल गेली होती की रे," त्या म्हणाल्या.